टप पांढरा, पाटे मूळचे

नाशिक जिल्ह्यात पिकअपची उंची कांदा ठरवतो. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावला माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या बोलेरो पिकअपकडे बाजूने पाहिलं, तर बूड वर आणि नाक खाली दिसतं. मागच्या कमानीत एक-दोन जास्तीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, टाकलेले असतात. कागदावर गाडी 1.3 किंवा 1.7 टनाची, हौद्यात भरलं जातं ते बऱ्याचदा त्याहून जास्त, मग ती पार बसू नये म्हणून ही तजवीज. रिकामी असताना तीच गाडी खडखडते आणि पावसात मागून घसरते. चालकाला ते माहीत असतं, तो वळणावर जपून घेतो. ही उंची ओझ्यातून आली आहे आणि तिची किंमत उघड आहे.

संध्याकाळी कॉलेज रोडला दिसणारी ‘उचललेली’, म्हणजे हौसेने उंच केलेली, पिकअप निराळी. 33 इंची मड टायर, मडगार्डच्या बाहेर आलेली रिम, टपावर एलईडीची पट्टी, आणि हौद्यात एकही ओरखडा नाही. या दोघींच्या मध्ये हल्ली एक तिसरी हौस दिसू लागली आहे: इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स किंवा बोलेरो कॅम्पर यांना पांढरा टप, अंगाला सपाट फिका रंग, खाली गडद पट्टा, चाकाला साधी लोखंडी डिस्क (रिम). रेट्रो. माझा कल या तिसरीकडे आहे आणि त्याचं कारण आवडीनिवडीपेक्षा गाडीच्या पोटात आहे. रेट्रोचा खर्च पत्र्यावर थांबतो. उचलण्याचा खर्च जॉइंट, बेअरिंग, शाफ्ट आणि ब्रेकपर्यंत जातो, आणि तो एकदाच करून भागत नाही.

रेट्रोला सोवळ्यात ठेवण्याचीही गरज नाही म्हणा. आज ज्या पट्ट्यांना आपण जुन्या काळचा साधेपणा म्हणतो, त्या त्यांच्या काळात चमकोगिरीच होत्या. अमेरिकेत 1978 साली डॉजने ‘लिल रेड एक्स्प्रेस’ नावाची पिकअप काढली: केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना उभी क्रोमची सायलेन्सरची नळकांडी, हौद्याला लाकडी पट्ट्या, दारावर सोनेरी अक्षरं. आज ती दिसली तर लोक हळवे होतात. तेव्हा शेजाऱ्यांनी नाकं मुरडली असतीलच.

तरी जुन्या रूपातल्या बऱ्याच गोष्टींना कारण होतं, आणि ते कारण अजून लागू आहे. पांढरा टप ऊन परतवतो. लँड रोव्हरने उष्ण देशांसाठी टपावर दुसरा पत्रा बसवून मध्ये हवेची फट ठेवली होती, त्याला ट्रॉपिकल रूफ म्हणत. सात इंची गोल दिवा 1940 पासून अमेरिकेत ठरलेलं माप झाला, म्हणून कुठेही बदली मिळायचा. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता यायची. दुरंगी अंगाचं कारण निव्वळ दिखाऊ, पण उपयोगी: खालचा गडद भाग उंच गाडीची उंची डोळ्याला कमी भासवतो. आजच्या पिकअपची बोनेट इतकी वर गेली आहे आणि दारं इतकी भरभक्कम झाली आहेत की ही युक्ती 1970 च्या दशकापेक्षा आज जास्त कामाची.

कंपन्यांनाही हे कळलं आहे. फोर्डच्या एफ-सीरिजची सुरुवात 1948 ची; 75 वर्षं झाली तेव्हा 2023 मध्ये एफ-150 ची हेरिटेज एडिशन आली. टप आणि खालचा भाग गडद, मधलं अंग वेगळ्या रंगाचं. यांत्रिक भागाला हात नाही. टोयोटाची लँड क्रूझर 70 मालिका 1984 पासून चालू आहे. 2023 च्या बदलात तिला पुन्हा गोल दिवे मिळाले, फक्त आत एलईडी. आपल्याकडे तर नाशिकच्याच कारखान्यात बनणारी थार हे रेट्रोचं सगळ्यात मोठं उदाहरण. 2020 साली आलेल्या थारचे गोल दिवे, उभ्या खाचांची जाळी आणि चौकोनी मडगार्ड थेट 1947 पासून महिंद्राने जुळवलेल्या विलीज जीपकडे बोट दाखवतात. त्र्यंबक आणि पेठच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वंशावळ समजावून सांगावी लागत नाही.

आता काम. दुरंगी रंगात सगळ्यात अवघड गोष्ट रंग नव्हे, रेघ. ती कुठे फोडायची? टपाचं सोपं आहे: टपाच्या दोन्ही कडांना जी खाच असते, जिच्यात काळी रबरी पट्टी बसते, तीच हद्द. पट्टी काढायची, रंग खाचेच्या तळापर्यंत न्यायचा, पट्टी परत बसवायची. कडा दिसतच नाही. काही जण खांबांसकट पांढरं करतात. पुढचा खांब पांढरा झाला की काच लहान वाटते आणि गाडी जुनी दिसते, हे खरं. पण मग दार उघडल्यावर आतला भागही रंगवावा लागतो, नाहीतर दार उघडताच मूळ रंग डोकावतो. दार काढून रंगवायची तयारी नसेल तर टपावर थांबावं.

खालच्या पट्ट्याची रेघ जास्त फसवी. बरेच पेंटर गवंड्यासारखी पाण्याची नळी लावून सरळ आडवी रेघ मारतात. नव्या पिकअपच्या दारावरची मूळ घडी मात्र मागे जाताना किंचित वर चढते. तिच्याखाली अगदी सपाट रेघ मारली की गाडी मागून खचल्यासारखी दिसते. म्हणून रेघ घडीला समांतर, तिच्या खाली ठेवावी. दुसरी अडचण केबिन आणि हौदा यांच्या फटीची. दोन्ही चेसीवर वेगवेगळे बसलेले असतात, केबिन रबरांवर, आणि जुन्या गाडीत ती रबरं कमी-जास्त दबलेली असतात. टेप लावण्याआधी गाडी सपाट जागी, हौदा रिकामा, टायरमध्ये सारखी हवा, असं करून दहा पावलं मागे जाऊन पाहावं. केबिनवरची रेघ आणि हौद्यावरची रेघ यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक आला, तर तो रंगात दुरुस्त करण्यापेक्षा रबरं बदलावीत. फाळक्यावर रेघ वळवून न्यायची की कडेलाच संपवायची, हेही आधी ठरवावं. वळवलेली चांगली दिसते, पण फाळका दिवसातून दहादा उघडणारी गाडी असेल तर कडेचा रंग पहिल्या महिन्यातच उडतो.

मूळ रंग शाबूत असेल तर पत्र्यापर्यंत घासण्याची गरज नाही. साबणाने धुऊन, मग मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या द्रावणाने दोनदा पुसून, 600 ते 800 नंबरच्या पेपरने चमक मारायची. पुसणं आधी, घासणं नंतर. उलट केलं तर पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत शिरतं आणि रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. गंज किंवा उघडा पत्रा असेल तिथे एपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर, 400 ते 600 नंबरने ओलं घासणं. मग कडेला तीन मिलिमीटरची प्लॅस्टिकची फाइन-लाइन टेप; नेहमीची कागदी मास्किंग टेप तिच्या पाठीला. कागदी टेप थेट कडेला लावली की रंग तिच्याखाली झिरपतो आणि रेघ दातेरी येते. बेस कोटचे, म्हणजे रंगाचे, दोन-तीन पातळ हात, प्रत्येकात 10-15 मिनिटांची उसंत. टेप बेस पूर्ण वाळायच्या आत, स्वतःवरच उलटी दुमडत, सावकाश काढायची. शेवटी दोन्ही रंगांवर मिळून लॅकरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, दोन हात, म्हणजे मधली पायरी त्याच्याखाली गाडली जाते. नंतरही बोटाला पायरी लागली तर 2000 नंबरने ओलं घासून पॉलिश. डबल केबिनच्या टपाला साधारण एक ते सव्वा लिटर तयार रंग पुरतो.

नाशिकच्या हवेत हे काम कधी करावं? जून ते सप्टेंबर टाळावं. त्या दिवसांत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, आणि गनपाशी पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर ते थेंब लॅकरमध्ये जातात. सहा महिन्यांनी तिथे फुगे येतात आणि दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो. एप्रिल-मेमध्ये फास्ट थिनर वापरलं तर रंग पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि हात फिरवल्यावर खरखर लागते. स्लो थिनर मागून घ्यावं. थंडीत हार्डनर सावकाश पकडतो, रात्रभर ओला राहिलेला लॅकर धूळ गोळा करतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा त्यातल्या त्यात बरा काळ.

रंगाच्या निवडीत एकच आग्रह: मेटॅलिक नको. जुन्या गाड्यांचा गोडवा सपाट रंगात आहे. आणि पांढरा शुद्ध नको, हस्तिदंती हवा. शुद्ध पांढरा फिक्या अंगाशेजारी दवाखान्यासारखा दिसतो. मिलिटरी हिरव्याचा मोह मात्र गिळावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाच चालत नाही. रेट्रो म्हटलं की पहिला हाच रंग सुचतो, आणि कायद्याने पहिला हाच बाद होतो. इतर रंगांतही मुख्य रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी घ्यावं. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारून मग गन हातात घेतलेली बरी.

लोखंडी डिस्क बसवताना नटाकडे कुणी पाहत नाही. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींना सहा बोल्टचं 139.7 मिलिमीटरचं वर्तुळ आहे, त्यामुळे डिस्क सहज मिळते. पण टोयोटाच्या मॅगव्हीलचे (अलॉय चाकाचे) नट सपाट वॉशरचे असतात, आणि लोखंडी डिस्कला शंकूच्या आकाराचे लागतात. सपाट नट शंकूच्या भोकात नीट टेकत नाही. चाक मधोमध बसत नाही, नट ढिले होत जातात आणि डिस्कची भोकं लांबट होतात. दुसरं, 16 इंची डिस्क 18 इंचीच्या जागी टाकताना ब्रेकचा कॅलिपर आत घासतो का, हे चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावं. बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावं. नव्या रंगाचा थर नटाखाली दबतो आणि तेवढी पकड सुटते. या सगळ्यात गाडीची भूमिती जागची हलली नाही.

उचलण्यात तीच हलते. समजा 265/60 आर 18 टायर आहे. त्याचा व्यास 775 मिलिमीटर. त्याजागी 33 इंची, म्हणजे 838 मिलिमीटरचा. पोटाखालची जागा त्याच्या निम्म्यानेच, 31 मिलिमीटरने वाढते. पण परीघ आठ टक्क्यांनी वाढतो: मीटर 80 दाखवतं तेव्हा गाडी 86 ने चाललेली असते, आणि चाकावर पोचणारा जोर तेवढाच कमी होतो. कसाऱ्याच्या चढाला गिअर एकाने खाली का घ्यावा लागतो, त्याचं उत्तर इथे आहे. मड टायर मूळच्यापेक्षा सात-आठ किलोने जड. तो फिरवायचा आणि थांबवायचा भार मूळच्याच ब्रेकवर.

पुढच्या बाजूला हायलक्स आणि व्ही-क्रॉसला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात. तिथे 50 मिलिमीटरच्या पुढे गेलं की चाकाला जोर पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस उडतं, चिखल आत जातो. पूर्ण वळण घेताना कट-कट आवाज येऊ लागला की जॉइंट गेला. स्वस्तातला मार्ग म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर जाड वॉशर. त्याने गाडी वर येते, पण चाकाला खाली जायची जागा उरत नाही आणि गतिरोधकावरून उतरताना ठण्ण आवाज होतो. कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा झुकाव, कमी होतो, त्यामुळे हायवेवर स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं लागतं. वरचे आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंटवाल्याला तो परत मिळवता येत नाही. तो फक्त टो (चाकांची आत-बाहेर दिशा) सरळ करून देतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं.

मागे पाट्यांखाली लोखंडी ठोकळा आणि लांब यू-बोल्ट. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको. जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत, एकदा ताणले की त्यांचा पीळ गेलेला असतो. नवे आडव्या-तिरप्या क्रमाने आवळून 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. पाट्यांच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के केले, तर जमिनीवर आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकं टेकल्यावरच शेवटचा पीळ द्यायचा. एवढं करूनही 60-80 च्या वेगात अंगाखाली थरथर आली, तर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन बिघडला आहे. पाट्याखाली दोन-तीन अंशांची पाचर घालून तो जुळवावा लागतो.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. बऱ्याच मालवाहू पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. हौदा भरला, मागचा भाग खाली बसला, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायमचा रिकामा आहे. मग भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. कांदेवाल्याच्या जास्तीच्या पाट्यांनाही हाच दोष आहे बरं का. व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवून घेणं हे दोन्हीकडे राहून जातं.

उलटण्याचा हिशेब साधा: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट; आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. 1550 मिलिमीटर आणि 700 मिलिमीटर धरले तर 1.11. गुरुत्वमध्य 80 ने वर नेला तर 0.99. म्हणून लोक बाहेर येणाऱ्या रिम लावतात. दोन्हीकडे 30 मिलिमीटर मिळाले तर 1.03. पण मग चाकाचा भार बेअरिंगपासून दूर जातो आणि खड्ड्यातला प्रत्येक झटका स्टिअरिंगला बसतो.

या हौसेचं टोक अमेरिकेत निघालं. नाक वर, बूड जमिनीला, दिवे आभाळाकडे, चालकाला समोरचा रस्ता दिसेना. नॉर्थ कॅरोलिनात डिसेंबर 2021 पासून पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक वर असलेल्या गाड्यांना बंदी आहे. आपल्याकडे कायदा याहून कडक आहे, अंमल ढिला. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या मापांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढचे लोखंडी गार्ड तर डिसेंबर 2017 पासूनच मना आहेत.

टपावरच्या दिव्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 120 वॅटची पट्टी दहा अँपिअर खाते. रिले, 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपाशी आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर, एवढं असेल तर जळत नाही. मूळच्या दिव्याच्या वायरीवर जोडली तर होल्डर वितळतो. रस्त्यावर ती लावणं म्हणजे समोरच्याला आंधळं करणं.

उचलणं सर्वस्वी वाईट, असंही नाही. ज्याची गाडी खरोखर डोंगरातल्या शेतावर जाते, त्याने, कायद्यात बसत असेल तर, 40 मिलिमीटर, जुळणारे स्प्रिंग आणि शॉकअप, वरचे आर्म, लांब ब्रेक होज आणि आरसीवर नोंद असं पूर्ण काम करावं. अर्ध्या कामात उंची येते, बाकी काहीच येत नाही. खोटं रेट्रोही पुष्कळ आहे: मुद्दाम उडवलेला रंग, स्टिकरमधला गंज, फाळक्यावर रेडियमवाल्याने कापलेली ‘जुनी’ अक्षरं. अक्षरंच हवी असतील तर ब्रशने लिहिणारा पेंटर अजून सापडतो. त्याला लॅकरवर बारीक पेपर मारून द्यावा, नाहीतर त्याचा इनॅमल पापुद्र्याने निघतो.

जुन्या बाजारात सजवलेली पिकअप घ्यायची वेळ आली तर आधी गाडीखाली झोपावं. पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा झिजली आहे का, रबरी बूटवर ओलं ग्रीस आहे का, स्टिअरिंग टोकाला नेल्यावर ब्रेकचा होज ताणतो का, यू-बोल्टचे आटे ताजे आहेत की गंजके, व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे की तारेने बांधली आहे. मग उठून आरसीवरचा रंग आणि अंगावरचा रंग ताडून पाहावा, आणि मूळचे पाटे व स्प्रिंग मालकाने जपून ठेवलेत का ते विचारावं. ठेवले नसतील, तर ते नवे घेऊन बसवण्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणीला बसावं.